पन्नास डाया

देवपुरात, साक्री रोडला, कुठंही नवं काम बघायला गेलं की घरमालक आधी लोखंडाचा आकडा सांगतो. "साडेचार टन टाकलंय भाऊ. इंजिनिअरनं चारच सांगितलं होतं." मिस्तरी बाजूला उभा राहून मान डोलावतो. टनांना वजनकाट्याची पावती असते, म्हणून आकडा छातीठोक सांगता येतो. सळई आणि काँक्रीट यांच्यात जी पकड बसायला हवी तिची पावती मिळत नाही आणि ती कुणी मागतही नाही. पण पकड नसेल तर ते साडेचार टन स्लॅबमध्ये नुसतं पडून राहतं. वजन वाढवतं, भार घेत नाही.

*

काँक्रीट दाबाला दणकट, ओढीला कमजोर. ओढ सोसायची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी. बीमच्या पोटात ओढ येते, तिथं काँक्रीट बारीक तडकतं आणि पुढचं काम सळईचं. पण सळईला बाहेरून कुणी धरलेलं नसतं. तिच्यापर्यंत ओढ पोचते ती भोवतीच्या काँक्रीटमधूनच, तिच्या अंगाच्या इंचाइंचावरून. सगळं आर.सी.सी. या देण्याघेण्यावर उभं आहे. बाकी गणितं नंतरची.

*

"सिमेंट लोखंडाला चिकटतं" हे अर्धंच खरं. चिकटणं असतं, पण ते फार लवकर सुटतं. सळई डोळ्याला दिसेल इतकी सरकायच्या आधीच सुटतं. मग उरतं घर्षण. काँक्रीट सुकताना आकसतं, सळईला आवळतं आणि त्या आवळण्यामुळं सळई सहज सरकत नाही. गुळगुळीत सळईला एवढाच आधार होता. म्हणून जुन्या कामांत प्रत्येक सळईच्या टोकाला हुक वळवलेला सापडतो. साठ-सत्तर सालातली एखादी इमारत पाडतात तेव्हा ढिगाऱ्यात हे हुक बघावेत. कुणीतरी एकेक करून हातानं वळवलेले असतात.

कंगोऱ्याच्या सळईचं तंत्र वेगळं. ओढ आली की प्रत्येक कंगोरा आपल्यापुढच्या काँक्रीटला रेटतो. हा रेटा सरळ जात नाही, तिरका बाहेर फाकतो. त्यामुळं सळईभोवतीचं काँक्रीट आतून फाटायला बघतं. जपानमध्ये युकिमासा गोतो यांनी हे डोळ्यांनी दाखवलं. काँक्रीटमधल्या सळईला ताण दिला, आत शाई सोडली आणि मग तो ठोकळा कापला. प्रत्येक कंगोऱ्याजवळून तिरक्या निघालेल्या बारीक भेगा शाईनं रंगून आलेल्या. हे मांडणारा त्यांचा निबंध 1971 सालचा. एरवी बाहेरून ठोकळ्यावर एखाद-दुसरी चीर दिसली असती, बस.

हे लक्षात घेतलं की साइटवरच्या दोन गोष्टींकडं बघायची नजर बदलते. एक कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, दुसऱ्या रिंगा. कव्हर गंजापासून वाचवतं एवढंच आपण ऐकलेलं असतं, पण त्या फाटण्याला अडवणारी जाडीही तीच. कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचा तुकडा सरकवला, तो माल ओतताना निसटला आणि सळई फळीला टेकली, तर तिची खालची बाजू उघडी. तिथं पकड धरायला काँक्रीटच नाही. आणि रिंग म्हणजे त्या फाटू बघणाऱ्या काँक्रीटला घातलेला पट्टा. तिचं टोक 135 अंशांत आत वळवायचं असतं, 90 अंशांत सोडलं तर भूकंपात कव्हर गळताच रिंग उलगडते. मिस्तरी 90 वर थांबतो, कारण पुढचं वळवायला पान्याला आणखी एक झटका द्यावा लागतो आणि दिवसभरात शेकडो रिंगा असतात.

*

आता शीर्षकातलं. दोन सळया जोडायच्या तर एकीवर दुसरी किती चढवायची? धुळ्यात, जळगावात, कुठल्याही मिस्तरीला विचारा, उत्तर ठरलेलं: "पन्नास डाया." म्हणजे सळईच्या जाडीच्या पन्नास पट. 12 मिलिमीटरची सळई असेल तर 600 मिलिमीटर, दोन फूट. फूटपट्टी लागत नाही, हाताच्या अंदाजानं होतं.

हा आकडा हवेतून आलेला नाही. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात एम20 काँक्रीटसाठी गुळगुळीत सळईला पकडीचा ताण 1.2 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरलाय, कंगोऱ्याच्या सळईला त्यात 60 टक्के वाढ, म्हणजे 1.92. त्यावरून 415 ग्रेडच्या सळईला लांबी निघते जाडीच्या 47 पट. पन्नास म्हणजे वर थोडी सूट. 415 च्या काळात हिशेब चोख होता.

मग दुकानात 500 आली. तिला एम20 मध्ये 57 पट लागते. आता 550 आली, तिला 62. बारा मिलिमीटरची 550 सळई घेतली तर जोड अडीच फुटांचा हवा. मिस्तरी मात्र पन्नासवरच आहे. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही. दुकानदार सांगतो, "550 डी आहे, कमी लोखंडात भागेल." तेही खरंच. फक्त एवढं राहून जातं की पोलाद जितकं ताकदीचं, तितकी त्याला धरून ठेवणारी पकड जास्त लागते आणि पकड पोलादाच्या ग्रेडनं वाढत नाही. ती काँक्रीटच्या हातात. 550 ची सळई एम20 मध्ये घालायची, जोड 415 चा ठेवायचा, म्हणजे वरचे पैसे दुकानदाराला दान.

एक आकडा समोर असू द्या. 12 मिलिमीटरची 500 ग्रेडची सळई हिशेबात धरलेल्या पूर्ण ताकदीनं ओढली जाते तेव्हा तिच्यात जवळजवळ 5 टनांची ओढ असते. बोटाएवढ्या जाडीच्या सळईत. ती सगळी सव्वादोन फुटांत शेजारच्या सळईच्या हवाली करायची, मधल्या मालातून.

*

जोडांबद्दल आणखी एक. सगळे जोड एका रेषेत घेतले की काम सुटसुटीत दिसतं, बांधायलाही सोपं. पण फाटायला बघणाऱ्या सगळ्या जागाही मग एका रेषेत येतात. कॉलमचे जोड स्लॅबच्या अगदी वर घ्यायची सवय तशीच. भूकंपात सगळ्यात जास्त ताण तिथंच. मजल्याच्या मध्यावर घ्या म्हटलं तर सळई उंच उभी राहते, वाऱ्यानं हलते, मजूर कुरकुरतात.

*

लोखंडच का? तांबं का नाही, ॲल्युमिनियम का नाही? याचं निम्मं उत्तर धुळ्याच्या हवेत आहे. जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो, मे महिन्यात 42-43, आणि गच्चीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो. स्लॅबचं तापमान 40 अंशांनी बदललं असं धरा. 10 मीटर लांब सळई मोकळी असती तर 4.8 मिलिमीटर वाढली असती. आपल्या काळ्या खडीचं, म्हणजे बेसाल्टचं काँक्रीट थोडं कमी, साधारण 3.6. फरक मिलिमीटरभराचा. तेवढा पकड पचवते, सळईत त्यानं येणारा ताण किरकोळ. ॲल्युमिनियमची सळई याच्या जवळजवळ दुप्पट वाढली असती. शिवाय सिमेंटच्या क्षारतेत, म्हणजे अल्कलीत, ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि लोखंड उलट सुरक्षित राहतं. दोन वेगवेगळ्या कारखान्यांतल्या वस्तूंचं इतकं जमावं हा निव्वळ योगायोग. कुणी ठरवून केलेलं नाही.

बांबू घालायची कल्पना दर काही वर्षांनी कुणीतरी काढतं. बांबू ओल्या मालातलं पाणी पितो, फुगतो, नंतर सुकून बारीक होतो. सळईच्या बाबतीत काँक्रीट आवळतं, इथं बांबूच अंग काढून घेतो.

*

1884. त्या वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिकला सहायक अभियंता म्हणून रुजू झाले आणि लवकरच धुळ्याकडं आले. पांझरेच्या पात्राखालून कालव्याचं पाणी नेणारा नळाचा सायफन हे त्यांचं इथलं काम. वाळूच्या पात्रात, पुराच्या भीतीत केलेलं. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत अर्नेस्ट रॅन्सम नावाच्या माणसानं चौकोनी सळईला पीळ देऊन ती काँक्रीटमध्ये घालायचं पेटंट घेतलं. गुळगुळीत सळई सरकते, पीळ असला की अडकते, इतकी साधी गोष्ट. आपल्याकडं पीळ दिलेली "टॉर" सळई यायला पुढची आठ दशकं जावी लागली. जुने मिस्तरी अजून सगळ्याच कंगोऱ्याच्या सळईला टॉर म्हणतात, पीळ जाऊन जमाना झाला तरी.

*

पांझरेवरचे फड पद्धतीचे बंधारे काही शतकं टिकलेत. दगड आणि चुना. लोखंडाचा खिळा नाही, म्हणून गंजायला काही नाही. ते स्वतःच्या वजनावर उभे असतात, ओढ कुठं येऊच द्यायची नाही हा त्यांचा हिशेब. लोक हे बंधारे दाखवून म्हणतात, "बघा, सिमेंटशिवाय टिकलं." टिकलं, पण दगडाच्या बंधाऱ्याला चार फूट गॅलरी काढता येत नाही आणि आपल्याला गॅलरी हवी असते.

*

जळकं ऑइल. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात भेटतात, त्यामुळं ट्रकची गॅरेजं भरपूर आणि इंजिनातून काढलेलं काळं ऑइल स्वस्तात मिळतं. सेंट्रिंगच्या प्लेटांना तेच फासतात. प्लेट सुटावी म्हणून फासतात ते ठीक. पण बऱ्याचदा लोखंड आधी अंथरलेलं असतं, मग आठवण होते आणि चिंधी बुडवून वरूनच फिरवली जाते. प्लेटला लागायचं ते सळईलाही लागतं. काँक्रीट प्लेटला धरू नये म्हणून जे लावलं, त्यानं ते सळईलाही धरत नाही. एवढा सरळ न्याय आहे हा.

याउलट लालसर गंज बघून घरमालक घाबरतो आणि सळईला रंग मारायला निघतो. हातानं घासून न निघणारा पातळ गंज पकडीला बाधत नाही, पृष्ठभाग थोडा खरखरीतच होतो. पापुद्रे सुटत असतील तर मात्र वायर ब्रश. रंग कधीच नाही.

*

मे महिना, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास. पाऊस यायच्या आत स्लॅब पडलाच पाहिजे अशी घाई. सकाळी दहाला उन्हात पसरलेल्या सळईला हात लावून बघा, लावून ठेवता येणार नाही. अशा तापलेल्या सळईला ओला माल लागला की तिच्या अंगालगतचं पाणी आधी उडतं. जिथं सिमेंट सगळ्यात दाट बसायला हवं नेमका तोच थर कोरडा पडतो. उपाय साधा: माल ओतायच्या आधी लोखंडावर आणि प्लेटांवर पाणी शिंपडायचं, साचलेलं पुसून घ्यायचं. शक्य असेल तर संध्याकाळी सुरू करायचं. हवा चाळीसच्या वर गेली की भारतीय मानक त्याला उष्ण हवामानातलं काम म्हणतं आणि वेगळे नियम लावतं. धुळ्याच्या उन्हाळ्यात ते सगळ्याच कामांना लागू पडतात.

दुपारी मिक्सरवरून हाक येते, "माल घट व्हई गया दादा, पानी टाका." बादलीभर पाणी पडतं. माल सैल होतो, पसरायला सोपा. पण हे जादा पाणी स्लॅबमध्ये राहत नाही, वर यायला बघतं. वाटेत आडवी सळई लागली की तिच्या पोटाखाली अडतं. पुढं सुकतं आणि सळईखाली एक पातळ पोकळी ठेवून जातं. खोल बीममधल्या वरच्या सळयांना हे सगळ्यात जास्त भोगावं लागतं, कारण त्यांच्याखाली ओल्या मालाचा थर जाड. अमेरिकी नियमांत म्हणूनच अशा सळयांची लांबी 30 टक्क्यांनी वाढवतात. व्हायब्रेटर नीट फिरवला तर ही पोकळी बरीच भरते. पण व्हायब्रेटरचं पेट्रोल संपलेलं असतं, किंवा तो चालवणारा जेवायला गेलेला असतो. स्लॅबच्या दिवशी वरण-बट्टी असते, त्याला दोष कसा द्यायचा!

*

धुळ्यात नळ रोज येत नाही. मग स्लॅबला पाणी बोअरचं किंवा टँकरचं. खारं असेल तर? नियम असा की आर.सी.सी. साठी पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. नुसत्या, बिनलोखंडाच्या काँक्रीटला 2000 चालतं. हा चौपट फरक फक्त सळईसाठी आहे. काँक्रीटला क्लोराइडनं फारसं काही होत नाही, आतल्या लोखंडाला होतं. गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा मागतं आणि कव्हर आतून ढकलून पाडतं. छताचे खपले पडलेले दिसतात ते हे.

आणि स्लॅबवर पाणी किती दिवस? "सात दिवस मारलं की झालं." हे सात दिवस जुन्या, साध्या सिमेंटचे. आता गोणीत बहुतेक पीपीसी असतं, म्हणजे त्यात 15 ते 35 टक्के राख, भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या वीजकेंद्रांत कोळसा जळून उरते तशी. सिमेंट वाईट नाही, पुढं जाऊन चांगलंच होतं, पण सावकाश. त्याला चौदा दिवस पाणी हवं आणि आपली हवा तर कोरडी. चौदा दिवस टँकर कोण आणणार? वाफे बांधून पाणी साठवलं, किंवा ओलं गोणपाट टाकून वर प्लॅस्टिक घातलं, तर कमी पाण्यात भागतं. पण नळी धरून संध्याकाळी फवारा मारणं बघायला बरं वाटतं.

*

खानदेशातल्या कुठल्याही गावाच्या गच्च्यांवरून नजर फिरवा. प्रत्येक कॉलमच्या वर चार-सहा सळया आकाशाकडं उभ्या. वरचा मजला पुढं काढू म्हणून सोडलेल्या. त्यांना दोरी बांधून कपडे वाळतात, डिशची तार गुंडाळलेली असते. मुलगा नोकरीला लागतो, लग्न ठरतं, दहा-पंधरा वर्षांनी मजला काढायची वेळ येते. मिस्तरी त्याच सळयांना नवीन सळया बांधतो आणि माल भरतो.

इथं एकदा वायर ब्रशनं घासून कॅलिपर लावायला हरकत नाही. बहुतेक वेळा सळई सर्वांत खंगलेली असते ती काँक्रीटमधून बाहेर पडते तिथं, बुडाशी, कारण पावसाचं पाणी तिथं साचतं. वरचा भाग बरा, बूड बारीक. कंगोरे बोटाला लागत नाहीत. जाडी बरीच कमी भरली तर तो जोड धरायचा नाही. जुनं काँक्रीट थोडं फोडून चांगली सळई उघडी करायची आणि तिथून जोडायचं. सळया सोडतानाच त्यांच्यावर पातळ मालाचा थर देऊन ठेवला असता, तर हा खर्च वाचला असता.

*

जालना म्हणजे राज्यातलं सळईचं मोठं गाव, धुळ्याच्या दुकानांतही तिथला माल दिसतो. कंगोरे सळईवर उठतात ते रोलमध्ये कोरलेल्या खाचांमुळं. रोल झिजला, खाचा उथळ झाल्या, की कंगोरे बुटके निघतात. वजन बरोबर भरतं, ताकदही भरते, पकड कमी. म्हणून आयएस 1786 मध्ये कंगोऱ्यांचं क्षेत्रफळ किती हवं तेही ठरवलंय. दुकानात वजन सगळे बघतात. बोट फिरवून कंगोरे बघणारं गिऱ्हाईक मला फारसं भेटलेलं नाही.

*

पकडीची चाचणी असते. आयएस 2770, साल 1967. पंधरा सेंटिमीटरच्या ठोकळ्यात मधोमध सळई, ठोकळा फुटू नये म्हणून भोवती तारेचा सर्पिल. एका टोकानं ओढायचं, दुसऱ्या टोकाला डायल गेज. ते टोक 0.025 मिलिमीटर सरकलं की भार टिपून घ्यायचा. केसाच्या जाडीहूनही कमी. इलिनॉय विद्यापीठात डफ अब्राम्सनं 1913 च्या सुमाराला अशा शेकडो सळया ओढल्या होत्या. आपल्याकडं नाशिकला मेरी ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, अभियांत्रिकी कॉलेजांत यंत्रं आहेत, पण घरांच्या कामासाठी ही चाचणी कुणी करून घेत नाही. क्यूबची चाचणी झाली तरी पुष्कळ.

*

गॅलरी. सगळी टिपणं एका बाजूला आणि हे एक बाजूला, कारण माणसं मरतात ती इथं. बाहेर काढलेल्या स्लॅबमध्ये ओढ वरच्या अंगाला येते, म्हणून मुख्य सळई वर हवी. पाच इंची स्लॅबमध्ये खालून चार इंचांवर. तिच्याखाली तिला उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या नसतील तर घमेलं घेऊन जाणारे पाय तिला दाबत जातात आणि ती अडीच इंचांवर येऊन बसते. ताकद जवळजवळ 40 टक्क्यांनी गेली, लोखंड तेवढंच. दुसरी गोष्ट, ही सळई आत किती गेली? 10 मिलिमीटरच्या 500 सळईला एम20 मध्ये भिंतीच्या आत पावणेदोन-दोन फूट धरायला लागतं. बाहेर चार फूट आणि आत वीतभर असं काम मी बघितलंय. वरून प्लास्टर झालं की ही गॅलरी आणि नीट केलेली गॅलरी सारख्याच दिसतात. वर विटांचा कठडा, त्यावर तुळशीची कुंडी, वरातीच्या दिवशी पंधरा माणसं.

टेकू काढताना बाहेरच्या टोकापासून सुरू करून भिंतीकडं यायचं. भिंतीकडून सुरुवात केली तर टोकाचे टेकू असेपर्यंत तो स्लॅब दोन्हीकडून टेकलेल्या स्लॅबसारखा वागतो, ओढ खालच्या अंगाला येते आणि खाली लोखंड नाही.